खडकाळ नदीसाठी जुनी फायबर बोट: रंग नको, बूड बघा

जुनी फायबर बोट बघायला निघालात तर खिशात पाच रुपयांचं नाणं, हातात चांगली टॉर्च, एक जुना टॉवेल आणि मळले तरी चालतील असे कपडे एवढं सोबत असू द्या. बोटीखाली आडवं व्हायचंय. ज्याला मातीत पाठ टेकायची लाज वाटते त्यानं नवी बोट घ्यावी, जुनीच्या वाटेला जाऊ नये.

मी नांदेडात फायबरचं काम करतो. कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे, पाण्याच्या टाक्या. पाऊस पडला की कूलरचं काम बसतं आणि मग दुरुस्तीला बोटी येतात. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यातल्या येतात, पूर्णा नदीवरच्या येतात, पैनगंगेकडच्या तर हमखास येतात. सुट्टीला मी स्वतःही मरळ-वाम माशांच्या मागं पाण्यात असतो. त्यामुळे बोट कुठं फाटते हे मला कारखान्यातही दिसतं आणि नदीतही. आणि ती फाटते बुडाला. कडेला नाही, रंगाला नाही. तरी लोक बोट घेताना पैसे रंगाचेच मोजतात.

आधी पाणी ठरवा

धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात फिरायचं असेल तर कुठलीही धड बोट चालते. तिथं तळ खोल असतो आणि काठाला गाळ. खरी परीक्षा आहे ती उघड्या नदीत. आपल्याकडच्या बहुतेक नद्यांच्या तळाशी काळा पाषाण आहे. पैनगंगेवर सहस्रकुंडाच्या वरखाली जाऊन बघा, पायऱ्या-पायऱ्यांचा खडक, कडा विळ्यासारख्या. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. त्याचे धोंडे गोल असतात पण अंग खरखरीत, एकदा बोट त्याच्यावर ओढली की पॉलिश पेपर मारल्यागत बूड घासून निघतं. काळ्या पाषाणाची कडा चीर पाडते, ग्रॅनाइट झिजवतो. तुमच्या पाण्यात कुठला दगड आहे त्यावरून जुन्या बोटीत काय शोधायचं ते ठरतं.

गोदावरीचं अजून एक आहे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडे की बंद यावर एकाच जागी चार पुरुष पाणी असतं किंवा गुडघाभर. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, बंद व्हायचे ते त्यानंतर. म्हणून नवख्या माणसानं एप्रिल-मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना, आपल्या पट्ट्यातून एकदा पायी चालून यावं. मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. दिवाळीत जे पाणी सपाट आरशासारखं दिसतं, त्याच्या वीतभर खाली काय बसलंय ते तेव्हाच कळतं.

आकार: सपाट बूड, दुसरं काही नाही

कोकणातून आलेल्या जुन्या होड्या कधीकधी स्वस्तात मिळतात. दिसायला देखण्या असतात, लाटा कापायला बनवलेल्या असतात, खाली कणा निघालेला असतो. आपल्याकडं लाटाच नाहीत, तर त्या कण्याचा उपयोग एकच, दगडात अडकणं. इंग्रजी व्ही आकाराची बोट उथळ नदीत घेऊच नका, फुकट मिळाली तरी.

सपाट बुडाचा हिशोब सोपा आहे. बूड दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद धरा. पस्तीस चौरस फूट, म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. असं बूड एक सेंटीमीटर पाण्यात दबायला साधारण ३२ किलो वजन लागतं. बोट ११० किलो, दोन माणसं १४० किलो, जाळं-वल्हं-डबा-मासे मिळून ५० किलो. झाले तीनशे. म्हणजे बोट साडेनऊ सेंटीमीटरच्या आत-बाहेर बसणार, चार इंचाला थोडी कमीच. एवढ्या पाण्यात ती दगडावरून सुटते. हेच वजन कणेवाल्या बोटीत टाकलं तर ती दुप्पट, अडीचपट खोल जाते. विक्रेता 'उथळ पाण्यात चालते' म्हणाला तर मान हलवायची आणि टेपनं बूड मोजायचं.

बारा ते चौदा फूट लांबी दोघांना पुष्कळ झाली. त्याहून मोठी घेतली की दगडावरून उचलायला चौथा माणूस शोधत बसावं लागतं.

बोटिंग क्लबची पायडलची बोट घेऊन येणारेही असतात. ती तलावात पोरं फिरवायला ठीक आहे. पत्रा पातळ असतो, आतून सगळं झाकलेलं असतं आणि पायडलचं चाक पहिल्याच खडकाला बसतं.

आणि एक प्रश्न विचारायला विसरू नका: ही बोट आधी काय करत होती? गोदाकाठी वाळू उपसणाऱ्या बोटी असतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. महसूलवाले पकडल्या तर जागेवर जाळतात, जिलेटिन लावून उडवतात. त्यातली एखादी रंग बदलून 'मासेमारीची' म्हणून बाजारात येऊ शकते. ओळखायची कशी? मधल्या भागात पंपाचा लोखंडी सांगाडा बसवलेल्या बोल्टांची मोठी भोकं, बुजवलेली. कडेला वायर रोपनं पडलेल्या खाचा. आतल्या कोपऱ्यात बारीक वाळू कितीही धुतली तरी राहते. असल्या बोटीचं बूड तर गेलेलंच असतं, वर उद्या तलाठी दारात उभा राहिला तर सांगायचं काय?

आता खाली झोपा

बोट चिखलात किंवा गवतात टेकवलेली असेल तर ती उचलून चार टायरवर किंवा दोन आडव्या लाकडांवर ठेवायला सांगा. मालक 'कशाला मालक, वरूनच बगा ना' म्हणाला तर तिथंच उत्तर मिळालं समजा.

पहिल्यांदा टॉवेल. बूड पाण्यानं ओलं करायचं, टॉवेलनं पुसायचं आणि उन्हात नुसतं बघत बसायचं. आपल्या उन्हात दोन-चार मिनिटांत सगळं वाळतं. वाळत नाही ती चीर. कोरड्या पांढऱ्या बुडावर एक काळपट ओली रेघ मागं राहते, केसाएवढी. डोळ्यांनी एरवी ती दिसली नसती. तिच्यावर अंगठा दाबा. कड हलली नाही, तर चीर जेलकोटपुरती, म्हणजे सगळ्यात वरच्या गुळगुळीत रंगीत थरापुरती आहे, फार मनावर घेऊ नका. दाबल्यावर रेघेतून पाण्याचा थेंब वर आला, तर आतले थर सुटलेत आणि त्यांच्यामध्ये पाणी बसलंय.

चिरा कशा पसरल्यात तेही बघा. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटल्या असतील तर तिथं दगड लागलाय, त्याच जागी आतून बघायचं. एका सरळ ओळीत, बोटीच्या आडव्या रेषेत असतील तर बुडाला आतून आधार देणारी पट्टी तिथं संपते आणि बूड त्या जागी वाकतंय. दुसरी जास्त वाईट. पहिली एका धक्क्याची खूण आहे, दुसरी रोजच्या वाकण्याची.

मग नाणं. पाच रुपयाचं नाणं उभं धरून बुडावर टकटक करत जायचं, वीतभर अंतरानं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. आवाज एकदम मेला, भद् झाला, तिथं खडूनं गोल करा. मालक बघत असेल तर बघू द्या. शेवटी बुडावर खडूचे गोल किती आणि कुठं झालेत त्यावरच बोलणं होणार आहे. कानाकोपऱ्यात एखाददुसरा गोल असणारच. मध्यभागी ताटाएवढा एकच गोल असेल तर मात्र मी पुढं बघत नाही.

टॉर्चचं काम संध्याकाळी चांगलं होतं. एकानं बाहेरून बुडाला टॉर्च चिकटवायची, दुसऱ्यानं आत बसून ताडपत्री डोक्यावर घ्यायची. फायबर उजेड थोडा आरपार सोडतं. जिथं झिजून पातळ झालंय तिथं पिवळा उजेड जास्त फुटतो, जिथं जुना जोड आहे तिथं काळा डाग दिसतो. गडद निळा किंवा काळा रंग असेल तर ही युक्ती चालत नाही. बहुतेक बोटी पांढऱ्या नाहीतर फिक्या निळ्या असतात, त्यांत चालते.

जाडी मोजायची असेल तर बोट कापायची गरज नाही. मागं पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच काढा आणि कडेला स्केल लावा. एखादा बोल्ट काढून त्याच्या भोकातही दिसते. ४५० ग्रॅमच्या मॅटचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढं वजन भरणाऱ्या काचधाग्याच्या कापडाचा, एक थर हातानं दाबल्यावर साधारण एक मिलीमीटर बसतो. खडकाळ नदीला बुडाची जाडी पाच-सहा मिलीमीटर तरी हवी. तीन निघाली तर ती बोट तळ्याची आहे. पण भोक मागं असतं आणि झीज पुढं होते, हे लक्षात ठेवा. बोट काठावर ओढताना पुढचा तोंडाखालचा भाग आणि बूड-बाजू जुळते ती कोपऱ्याची कड आधी जाते. त्या कडेवरून नख फिरवा. धागे नखाला अडकले तर वरचा थर संपलाय.

ताज्या रंगाबद्दल माझं मत कडक आहे. विकायच्या आधी आतून-बाहेरून नवा रंग मारलेला असेल तर मी भाव वाढवत नाही, कमी करतो. उन्हानं पांढरी भुकटी सुटलेली, फिकी पडलेली बोट मला जास्त आवडते. तिनं काही लपवलेलं नसतं. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळीस-बेचाळीसच्या वर जातो, त्यात उघड्यावर ठेवलेला जेलकोट खडूसारखा होणारच. हात पांढरा होणं चालतं, हाताला धागे टोचणं चालत नाही.

सारं वर्ष पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीला खालून फोड येतात, मसुराएवढे, कधी मोठे. एखादा फोडून बघायचा तर डोळ्यांना चष्मा लावून. आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं पाणी निघालं तर पाणी थरात मुरलंय. थोडे फोड घासून, वाळवून भरता येतात. पूर्ण बूड फोडांनी भरलेलं असेल तर हात जोडा.

आतून

आत काय बघायचं, तर आधी आत दिसतंय का ते. काही बोटींना आत दुसरा फायबरचा तळ बसवलेला असतो. चालायला गुळगुळीत, दिसायला छान. खडकाळ नदीला मी असली बोट घेत नाही, कारण खालून चीर पडली तर आतून हात पोचत नाही आणि दोन्ही थरांमधलं पाणी बाहेर निघत नाही. एकेरी बुडाची, आत उघड्या पट्ट्या दिसणारी बोट कुरूप असली तरी दुरुस्तीला आपली असते.

त्या पट्ट्यांच्या आत लाकूड असतं किंवा फोम. आसनाखालच्या बंद पेट्यांतही फोम असतो, बोट उलटली तर तरंगावी म्हणून. तोच फोम पाणी पितो. वर्षानुवर्षे पितो आणि सोडत नाही. यावर आपल्याकडं सोपा उपाय आहे, वजनकाटा. जिनिंगचा, कारखान्याचा, रस्त्याकडेचा धर्मकाटा. पिकअप बोटीसकट तोला, मग रिकामी तोला. काट्याला पाच-दहा किलोचा फरक कळत नाही, पण ११० किलोच्या बोटीचे १७० भरले तर ते साठ किलो कुठून आले हे मालकाला विचारा.

मागची फळी, जिच्यावर इंजिन लावतात, ती आतून प्लायवुडची असते. वरचा एखादा स्क्रू सोडवून बाहेर काढा. त्याच्यासोबत काळी, ओली, चहाच्या चोथ्यासारखी भुकटी आली तर प्लाय कुजलंय. मग इंजिन असेल तर ते धरून वरखाली हलवा, फळी बोटीसोबत हलली पाहिजे, वेगळी नाही. इंजिन लावायचंच नसेल तर कुजकी फळी हे भाव पाडायचं उत्तम कारण आहे, एवढंच.

आतून डांबर फासलेलं असेल तर समजून घ्या. एकदा एक मामा माझ्यासमोर गिऱ्हाइकाला सांगत होते, "थेंब बी गळत नाही बगा."

"मग आत डांबर कशाला लावलंय मामा?"

"ते थंडीसाठी."

थंडीसाठी! डांबर आणि एम-सील दोन्ही फायबरला धरून बसत नाहीत. त्यात एम-सीलचा काही दोष नाही, ते पाइपासाठी आहे. बूड दगडावर वाकलं की ते कडक गोळ्यागत सुटून पडतं. शिवाय दुरुस्तीच्या वेळी हे सगळं खरवडून काढावं लागतं, आणि डांबर शिल्लक राहिलेल्या जागी रेझिन, म्हणजे मॅट ज्यात भिजवून बसवतात ते चिकट द्रव, चिकटत नाही. डांबराच्या बोटीत त्या कामाची मजुरी धरा.

पाण्यात घालून

आधी उलटी परीक्षा करा, पाणी बाहेरून नाही, आतून. बोट टायरवर असतानाच आत पाणी ओता आणि खालून थेंब कुठं येतो बघा. दोन इंचांपेक्षा जास्त भरू नका, एवढ्यातच दीडशे किलोच्या वर वजन होतं आणि टेकू नसलेलं बूड खाली येतं. मग पाणी काढून, आतलं सगळं कोरडं पुसून नदीत घाला. दोघं बसा, तासभर बसा. गप्पा मारा, चहा मागवा. पंधरा मिनिटांत निष्कर्ष काढू नका, काही चिरा बूड भारानं वाकल्यावरच तोंड उघडतात. शक्य असेल तर एखाद्या ठाऊक असलेल्या सपाट दगडावर हळूच टेकवा आणि आत बसून तळव्याखाली बूड किती उचललं जातंय ते बघा. थोडं उचललं जाणारच. तिथून 'कर्र' आवाज आला तर थर सुटतायत.

हे करताना लाइफ जाकीट घालूनच बसा. पोहता येतं म्हणणारे खडकावर डोकं आपटल्यावर पोहत नाहीत.

भाव आणि बुडाचा खर्च

जुनी बोट खडकाळ नदीसाठी घेतली की बुडाला दोन जादा थर द्यायचेच, हे आधी धरून चाला. बारा फुटी बोटीचं बूड आणि कडेचं चार इंच धरून साधारण चार चौरस मीटर होतात. ४५० च्या मॅटचे दोन थर म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम मॅट, आणि मॅटच्या अडीचपट रेझिन, नऊ किलो. वजन वाढतं साडेबारा किलो, म्हणजे बोट अर्धा सेंटीमीटरही जास्त बसत नाही. वर कडेला आणि मधोमध दोन-तीन लांब पट्ट्या जादा द्यायच्या, झिजायला म्हणूनच. त्या झिजल्या की परत लावायच्या. या सामानाचा आणि मजुरीचा भाव तुमच्या गावात विचारून घ्या आणि तो मालकाच्या आकड्यातून वजा करून बोलायला बसा. नव्या बोटीच्या निम्म्याच्या वर गेलं तर मी उठतो.

स्वतः करणार असाल तर तीन गोष्टी. जुना रंग, जेलकोट ग्राइंडरनं खरे धागे दिसेपर्यंत घासायचा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं औषध, रेझिनच्या किलोला १० ते २० मिली, उन्हाळ्यात दहाकडं, आणि काम सकाळी आठच्या आत संपवायचं. मे महिन्यात दुपारी डब्यातलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत धूर सोडायला लागतं. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं दुसरं औषध) व हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, मग हार्डनर.

इंजिन, कागद, गाडी

इंजिनाबद्दल थोडंच बोलतो. दगडाच्या नदीत बांबू आणि वल्हं हेच खरं इंजिन. तरी लावायचंच असेल तर मागच्या फळीची उंची मोजा. आखूड शाफ्टच्या (पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याच्या) इंजिनाला पंधरा इंच फळी लागते, लांब शाफ्टला वीस. लांब शाफ्ट पंधराच्या फळीवर लावलं की पंखा पाच इंच जास्त खोल, आणि आपण चार इंचाच्या हिशोबावर बोट घेतली होती. इंजिनासोबत नोंदणीचाही विषय येतो. अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ खाली यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते, तेव्हा मालकाकडं कागद असेल तर तो नावावर करून घ्या.

धरण-तलावात मासे धरायचा हक्क बहुधा ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बोट घ्यायच्या आधी तिथल्या संस्थेत जाऊन बोला, नंतर नाही. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याचं आधी बघावं लागतं. व्यवहार स्टँपपेपरवर करा, त्यावर बोटीची लांबी, रंग, इंजिन नंबर लिहा, बोटीसोबत मालकाचा फोटो काढा. वाळूचा प्रश्न पुढं कधी निघालाच तर हाच कागद कामाला येतो.

आणताना छोटा हत्ती नको, बारा फुटी बोट अर्धी बाहेर लोंबते आणि खड्ड्यात मागच्या पाटीवर मधोमध आपटते. मोठी पिकअप घ्या, खाली कडब्याच्या पेंढ्या किंवा टायर टाका, दोरी नुसत्या कडांवरून ओढून आवळू नका. दोन्ही कडांच्या मध्ये आत आडवं लाकूड अडकवा, मग आवळा. चांगली तपासून घेतलेली बोट घरी येईपर्यंत कडेला चिरलेली मी पाहिली आहे.

घरी आणली की सावलीत उलटी ठेवा, दोन टायरवर. सुलटीच ठेवायची वेळ आली तर तोंड उंच करा आणि मागचं बूच काढून ते आतल्या आसनाला सुतळीनं बांधून टाका. पाण्यावर गेल्यावर बूच घरी राहिलं म्हणून चपलेचा तुकडा कोंबणारे आमच्याकडं कमी नाहीत.